लग्नाच्या सीडीत लग्न कुठं असतं? डॅट, व्हीओबी आणि एमटीएस फाइली ओळखताना

अहिल्यानगर जिल्ह्यात साधारण २००० ते २०१५ या काळात ज्या घरात लग्न झालं, त्या घरात एखादी तरी सीडी असतेच. ‘सीडी’ हा आपला सरसकट शब्द. प्रत्यक्षात ती व्हीसीडी असेल, नाही तर डीव्हीडी. शालूच्या घडीखाली किंवा टीव्हीच्या खणात ती पडून असते. वर नवरा-नवरीचा फोटो, शूटिंगवाल्याचं नाव आणि ‘अ.नगर’ असा पत्ता. (जिल्ह्याचं नाव २०२४मध्ये बदललं, स्टिकरवरचं राहिलं.) घरातला प्लेअर केव्हाच भंगारात गेला आणि नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते. मग पुण्या-मुंबईहून सुट्टीला येणारा कुणी तरी यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह घेऊन येतो. डिस्क आत जाते, पडद्यावर फोल्डर उघडतात आणि सगळे बुचकळ्यात पडतात. हळद, मंगलाष्टकं, पाठवणी यांपैकी कशाचंच नाव तिथं दिसत नाही. दिसतात त्या कोड्यात टाकणाऱ्या आद्याक्षरांच्या फाइली.

पुढच्या चुका ठरलेल्या असतात. कुणी त्यातली सगळ्यात मोठी एकच फाइल उचलून पेनड्राइव्हवर टाकतं आणि लग्न अक्षतांपाशीच संपतं. कुणी फाइलच्या नावाचं शेपूट बदलून ‘.एमपी४’ करतं आणि मोबाइल ती उघडत नाही म्हणून डिस्क बिघडली असं ठरवून टाकतं. कुणी दुकानात देतं. दुकानदार मोबाइलवर चालेलशी छोटी फाइल करून देतो, मूळ डिस्क हरवते, आणि पुढं मोठ्या टीव्हीवर पाहायला गेलं की चेहरे ओळखू येत नाहीत.

म्हणून आग्रह एकाच गोष्टीचा: आधी डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्या, मोबाइलसाठीचं रूपांतर नंतर. ‘जशीच्या तशी’ म्हणजे काय, हे मात्र प्रत्येक प्रकारच्या डिस्कला वेगळं असतं. ते कळायला आत काय आहे हे थोडं समजून घ्यावं लागतं.

डबा आणि आतला ऐवज

व्हिडिओची फाइल हा जेवणाचा डबा समजा. एका कप्प्यात चित्र, दुसऱ्यात आवाज, असलीच तर तिसऱ्यात उपशीर्षकं. चित्र आणि आवाज एकाच वेळी चालावेत म्हणून वेळेच्या खुणाही त्यातच ठेवलेल्या असतात. या डब्याला तांत्रिक भाषेत कंटेनर म्हणतात. व्हीओबी, एव्हीआय, एमपी४, एमकेव्ही, एमटीएस ही सगळी डब्यांची नावं. आतलं चित्र कोणत्या पद्धतीनं दाबून बसवलं आहे, ती पद्धत म्हणजे कोडेक: एमपेग-१, एमपेग-२, एच.२६४ वगैरे.

शेपूट बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं. आतली भाजी तीच राहते. एका डब्यातून काढून दुसऱ्या डब्यात भरणं हे वेगळं काम. त्यात चित्राला धक्का लागत नाही आणि तासाभराचा व्हिडिओ काही मिनिटांत हलतो. तिसरं काम म्हणजे भाजी पुन्हा शिजवणं, म्हणजे चित्र उलगडून नव्या कोडेकमध्ये परत दाबणं. त्याला वेळ लागतो आणि प्रत्येक वेळी थोडा दर्जा जातो. दुकानात या तिन्ही कामांना ‘कन्व्हर्ट’ हा एकच शब्द आहे, त्यामुळे आपल्या डिस्कचं नेमकं काय होणार हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आधी डिस्कची जात ओळखा. ड्राइव्हमध्ये घातल्यावर संगणक तिची एकूण साठवण दाखवतो. सातशे-आठशे एमबीच्या आसपास असेल तर सीडीच्या घराण्यातली. चार जीबीच्या वर असेल तर नक्की डीव्हीडी. अर्धी भरलेली डीव्हीडी कमीही दाखवते, म्हणून खरा पुरावा फोल्डरच्या नावांत.

व्हीसीडी: ‘डॅट’ नावाची फाइल

फोल्डरांत ‘एमपीईजीएव्ही’ असं नाव दिसलं, त्यात ‘एव्हीएसईक्यू०१.डॅट’ अशी भली मोठी फाइल असली आणि शेजारी ‘व्हीसीडी’, ‘सेगमेंट’, ‘ईएक्सटी’ असे छोटे फोल्डर असले, की ती व्हीसीडी. फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी १९९३ मध्ये हे प्रमाण ठरवलं. आपल्याकडच्या पॅल पद्धतीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, सेकंदाला २५ चौकटी, कोडेक एमपेग-१. चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट आणि आवाजाला २२४ किलोबिट, हा दर ठरलेला. म्हणून एका सीडीत ७४ ते ८० मिनिटंच मावतात आणि तीन तासांच्या लग्नाच्या तीन सीड्या होतात. पाकिटावर ‘भाग १’, ‘भाग २’ लिहिलेलं असतं ते यामुळेच. एक भाग सापडला म्हणून थांबू नका, बाकीचे शोधा.

युरोप-अमेरिकेत ही पद्धत फारशी रुजली नाही. आशियात मात्र तिनं बाजार मांडला. प्लेअर स्वस्त, डिस्क कुठल्याही देशातली असो, चालणार, आणि साध्या कोऱ्या सीडीवर गल्लीतला स्टुडिओसुद्धा ती लिहू शकत होता. शिर्डीच्या आणि यात्रांमधल्या दुकानांत भक्तिगीतांच्या, कीर्तनांच्या, लोकनाट्यांच्या व्हीसीडींचे गठ्ठे लागायचे, त्याचं कारण हेच. सप्ताहात गावच्याच शूटिंगवाल्यानं टिपलेलं कीर्तन नंतर सीडीवरून घरोघर फिरायचं. अशा सीड्यांची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते, म्हणून लग्नाच्या सीडीइतक्याच त्याही जपण्यासारख्या.

आता एक तांत्रिक बाब, पण खरी मेख तिथंच आहे. सातशे एमबीच्या सीडीतली डॅट फाइल काही वेळा आठशे एमबीची दिसते. संगणकाची चूक नाही ती. सीडीवरच्या प्रत्येक सेक्टरमध्ये २३५२ बाइट असतात. साध्या माहितीच्या सीडीवर त्यांतले २०४८ माहितीला आणि बाकीचे बरेचसे चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेले. व्हीसीडीवर जागा वाचवायला व्हिडिओच्या सेक्टरमध्ये २३२४ बाइट थेट चित्र-आवाजाला दिले आणि दुरुस्तीचा तो जादा थर सोडून दिला. त्याचे दोन परिणाम. पहिला: व्हीसीडीवर ओरखडा पडला की चित्रात चौकोन उडतात, आवाज चिरकतो. संगणकावर कॉपी करताना विंडोज तर त्या जागी चूक दाखवून कामच सोडून देतं, आणि निम्म्याहून जास्त उतरलेली फाइलही हातची जाते. दुसरा: व्हीसीडीची ‘आयएसओ’ प्रत करू नये. आयएसओमध्ये सेक्टरमागे २०४८ बाइटच मावतात, म्हणून व्हीसीडीची खरी प्रत ‘बिन’ आणि ‘क्यू’ अशा फाइलींच्या जोडीत होते. इमेजबर्न हे विंडोजवरचं फुकट सॉफ्टवेअर डिस्क पाहून ही जोडी आपणहून करतं. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवा. त्यांची ताटातूट करू नका.

डॅट फाइल पाहायला वेगळं काही लागत नाही. व्हीएलसी प्लेअर ती थेट चालवतो. आत एमपेगचाच प्रवाह असल्यामुळे शेपूट ‘.एमपीजी’ केलं की काही जुने टीव्हीही ती पेनड्राइव्हवरून चालवतात. चिठ्ठी बदलून काम भागतं असं हे एक विरळ उदाहरण. मात्र ‘डॅट’ हे शेपूट इतर पुष्कळ सॉफ्टवेअरही आपल्या फाइलींना लावतात. प्रत्येक डॅट म्हणजे व्हिडिओ नव्हे.

ऑडिओ सीडीचा घोळही इथंच सांगतो. भजनांची किंवा पोवाड्यांची ऑडिओ सीडी उघडली की ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशा फाइली दिसतात आणि त्या एका क्षणात कॉपी होतात. होणारच, त्या प्रत्येकी ४४ बाइटच्या असतात आणि त्यांत गाणं नसतंच, गाणं डिस्कवर कुठं सुरू होतं एवढीच खूण असते. ‘सगळं उतरवलं’ म्हणून सीडी देऊन टाकलेली घरं कमी नसतील. ऑडिओ सीडी ‘रिप’ करावी लागते आणि व्हीएलसीसह अनेक सॉफ्टवेअरमध्ये त्याची सोय असते.

डीव्हीडी: पाच व्हीओबी आणि एक रिकामा फोल्डर

डीव्हीडी उघडली की दोन फोल्डर: ‘ऑडिओ_टीएस’ आणि ‘व्हिडिओ_टीएस’. पहिला रिकामा असतो. आवाज उडाला म्हणून घाबरू नका. तो डीव्हीडी-ऑडिओ नावाच्या वेगळ्या प्रकारासाठी राखलेला, लग्नाच्या डिस्कवर त्याला काम नाही. सगळं घर दुसऱ्या फोल्डरात.

तिथं तीन जातीच्या फाइली असतात. व्हीओबीत प्रत्यक्ष चित्र, आवाज आणि मेनू. आयएफओमध्ये नकाशा: कुठलं प्रकरण कुठं सुरू होतं, मेनूतल्या ‘हळदी समारंभ’ या बटणावर दाबलं की कुठं उडी मारायची. बीयूपी म्हणजे त्या आयएफओचीच हुबेहूब प्रत. ती डिस्कवर मुद्दाम दुसऱ्या ठिकाणी लिहिलेली असते, म्हणजे एका जागी ओरखडा आला तर दुसरी वाचता यावी. आयएफओ खराब निघाली तर संगणकावर उतरवलेल्या बीयूपीचं शेपूट ‘.आयएफओ’ केलं की बहुतेक वेळा काम चालून जातं.

एक व्हीओबी एक जीबीहून मोठी होऊ देत नाहीत, असा डीव्हीडीचा नियम. म्हणून मोठा कार्यक्रम ‘व्हीटीएस_०१_१’, ‘व्हीटीएस_०१_२’ असा तुकड्यांत मोडलेला असतो. पूर्ण भरलेला तुकडा विंडोजमध्ये १०,४८,५४४ केबी दाखवतो. असे चार आणि पाचवा बराच लहान दिसला, की एकपदरी डीव्हीडी जवळजवळ पूर्ण भरलेली आहे असं समजा. शून्य क्रमांकाची, ‘व्हीटीएस_०१_०.व्हीओबी’, ही मेनूची फाइल. नुसती तीच उघडून पाहणाऱ्याला गाणं वाजत राहिलेला एक फोटो दिसतो आणि लग्न गेलं असं वाटतं. ‘व्हीटीएस_०२’ने सुरू होणाऱ्या फाइली असल्या तर तो दुसरा संच: बहुतेक साखरपुडा, नाही तर रिसेप्शन.

एकेक व्हीओबी वेगळी चालवली तर चालते, पण तुकडा वाक्याच्या मध्येच तुटतो. काही तुकड्यांत वेळेच्या खुणा मधेच पुन्हा शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे पाऊण तासाच्या फाइलची लांबी सव्वादोन मिनिटं दिसते. फाइल खराब झालेली नसते. व्हीएलसीमध्ये एक फाइल न उघडता ‘डिस्क उघडा’ किंवा ‘फोल्डर उघडा’ म्हणून ‘व्हिडिओ_टीएस’ दाखवा. तो आयएफओचा नकाशा वाचून सगळं सलग चालवतो. म्हणूनच नुसत्या व्हीओबी उचलू नका. आयएफओ आणि बीयूपी काही केबींच्या असतात, त्या वगळून वाचत काही नाही आणि प्रकरणं मात्र हरवतात.

दर्जाचं गणितही एकदा करून पाहण्यासारखं आहे. एकपदरी डीव्हीडीत ४.७ अब्ज बाइट. दोन तासांचं लग्न त्यात भरलं तर सेकंदाला साधारण ५.२ मेगाबिट वाट्याला येतात, तीन तासांचं भरलं तर साडेतीन. डीव्हीडीची चित्रासाठीची कमाल मर्यादा ९.८. म्हणजे तीन तास एकाच डिस्कमध्ये कोंबून देणाऱ्यानं घरच्यांचा एका डिस्कचा खर्च वाचवला आणि वरातीतल्या नाचाचे चौकोन केले. हलत्या, गर्दीच्या दृश्याला जास्त बिट लागतात; पाटावर बसलेल्या नवरदेवाला कमी. तुमच्या डिस्कवर मुहूर्त स्वच्छ आणि वरात धूसर असेल तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी हे आठवा.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. कार्यक्रमाची सुरुवात मधल्या भोकाजवळ आणि शेवट बाहेरच्या कडेला. बोटं लागतात कडेला, ओरखडे जास्त तिथं, कागदी स्टिकरची कड सुटायला लागते तीही तिथंच. त्यामुळे भरलेल्या डिस्कवर पहिल्यांदा जाते ती पाठवणी. डिस्क ठीक आहे का हे पाहताना सुरुवात चालली म्हणून समाधान मानू नका. शेवटची दहा मिनिटं लावून पाहा.

बाजारात विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडींवर बहुधा कुलूप आणि प्रदेश क्रमांक असतो. भारताचा क्रमांक ५. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीनं घातलेल्या ६५-अ कलमानुसार दुसऱ्याचे हक्क मोडण्यासाठी असं कुलूप फोडणं हा गुन्हा आहे. लग्नाच्या डिस्कवर असं काही नसतं, त्यामुळे पुढचं सगळं घरच्या डिस्कांपुरतंच समजा.

थोड्या वेगळ्या डिस्का

काही कॅमेरे छोट्या, आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीवर थेट चित्रण करायचे. अशा डिस्कवर, तसंच घरगुती डीव्हीडी रेकॉर्डरच्या काही डिस्कांवर, ‘व्हिडिओ_टीएस’ऐवजी ‘डीव्हीडी_आरटीएव्ही’ फोल्डर आणि त्यात ‘व्हीआर_मूव्ही.व्हीआरओ’ नावाची एकच मोठी फाइल मिळते. ती व्हीओबीचीच जवळची नातलग. व्हीएलसी बहुतेक वेळा चालवतो. पण अशी डिस्क संगणकाला कोरी दिसली तर ती फेकू नका. कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ करायची राहिली असण्याची शक्यता मोठी. तोच किंवा त्याच कंपनीचा कॅमेरा मिळवून ते काम उरकलं की ती उघडते. हे छोटे गोल तुकडे फक्त ट्रेच्या ड्राइव्हमध्ये घाला. कारच्या प्लेअरसारख्या फटीतून डिस्क ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये अडकून बसतात.

सोनी आणि पॅनासॉनिकनं २००६ मध्ये आणलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीत फोल्डर ‘बीडीएमव्ही’, त्यात ‘स्ट्रीम’ आणि आत ‘०००००.एमटीएस’ अशा फाइली. चित्र एच.२६४, म्हणजे फोनला समजणारं. आवाज मात्र डॉल्बीचा, जो पुष्कळ फोनांवर वाजत नाही. सलग चित्रणही कॅमेरा ठराविक आकारानंतर नव्या फाइलीत तोडतो. प्रत्येक तुकडा वेगळा रूपांतरित करून मग जोडला तर सांध्यावर आवाज किंचित तुटतो आणि मंगलाष्टकाच्या ऐन ओळीत ते जाणवतं. आधी जोडा, मग रूपांतर करा. ब्ल्यू-रेवरही हीच रचना असते, फाइलींची नावं ‘एमटूटीएस’; पण पंचवीस जीबीची ती डिस्क आपल्याकडच्या लग्नांत फार क्वचित दिसते, आणि साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचताही येत नाही.

‘डेटा डिस्क’ या जातीबद्दल मात्र थोडं थांबून सांगावंसं वाटतं. फोल्डरांचा थाट नाही, नुसती एक-दोन एव्हीआय फाइल. पुष्कळ वेळा तो उतरवलेला चित्रपट असतो आणि सोडून द्यावा. पण कधी ते मिनीडीव्ही कॅसेटवरून संगणकात घेतलेलं मूळ चित्रण असतं. डीव्ही पद्धतीचं चित्रण तासाला सुमारे १३ जीबी जागा खातं, म्हणून एका डीव्हीडीत वीस-बावीस मिनिटंच मावतात. वीस मिनिटांची एव्हीआय चार जीबीची दिसली, की समजा हा मूळ माल. तो रूपांतर करून टाकून देऊ नका.

नगरला असं सामान असण्याला कारण आहे. दिग्दर्शक नागराज मंजुळे नगरच्याच न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स महाविद्यालयात संज्ञापन शिकले आणि त्याच काळात त्यांनी केलेल्या ‘पिस्तुल्या’ या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जिल्ह्यातल्या हिवरे बाजार आणि राळेगणसिद्धी या गावांवरही किती तरी लोकांनी माहितीपट केले. विद्यार्थ्यांचे लघुपट, गावाच्या पाणलोटाच्या कामाचं चित्रण, शाळेच्या गॅदरिंगच्या डिस्का ज्यांच्या कपाटात असतील, त्यांनी घरच्या लग्नाआधी त्या उतरवाव्यात असं मला वाटतं. लग्नाची एखादी प्रत वधूच्या माहेरी तरी सापडते.

उतरवायचं कसं

आधी स्वच्छता. मऊ सुती कापड किंचित ओलं करून मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल पुसलं तर बारीक ओरखडा माहितीच्या रेषेला समांतर जातो आणि सलग बरीच माहिती खातो. सीडीत माहितीचा थर वरच्या, छापील बाजूला पातळ लाखेखाली असतो. म्हणून वरून बॉलपेननं नाव लिहिणं खालच्या ओरखड्याहून जास्त घातक. खालचा ओरखडा घासून घालवता येतो, वरून सोललेला थर परत येत नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, ती त्या बाबतीत जास्त सुखरूप. वरचा जुना स्टिकर सोलू नका. थर त्याच्यासकट निघून येतो.

डीव्हीडीची आयएसओ प्रत करा, व्हीसीडीची बिन-क्यू. डिस्क खराब असेल तर वेग कमी करून वाचा, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा. एका ड्राइव्हला न वाचलेली डिस्क दुसरा निमूटपणे वाचतो, हे नेहमीचं. लिनक्स जाणणारं कुणी ओळखीचं असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन वाचता येईल तेवढं आधी घेतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. विंडोजच्या कॉपी-पेस्टवर जखमी डिस्क सोपवू नका.

पेनड्राइव्हवर एक ठरलेली ठेच लागते. पूर्ण भरलेल्या डीव्हीडीची आयएसओ फाइल संगणकाच्या मापात ४.३ जीबीहून मोठी असते, आणि बाजारातले बरेच पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचे, ज्यात चार जीबीहून मोठी एकच फाइल मावत नाही. बत्तीस जीबी रिकामी असतानाही संगणक ‘फाइल फार मोठी आहे’ अशा अर्थाचं काही तरी सांगतो. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट केला की प्रश्न सुटतो.

मोबाइलसाठी मग हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर पुरतं. त्याला आयएसओ किंवा ‘व्हिडिओ_टीएस’ दाखवा, ‘फास्ट ५७६पी२५’ हा तयार साचा निवडा, डबा एमपी४, चित्र एच.२६४, आवाज एएसी. दर्जाचा आकडा १८ ते २० दरम्यान. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. जुन्या कॅमेऱ्यांचं चित्र एकाआड एक रेषांत विभागलेलं असायचं, म्हणून हलणाऱ्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ‘डीइंटरलेस’ चालू आहे ना, तेवढं तपासा. एका डिस्कवर दोन संच असतील तर हँडब्रेक त्यांना ‘टायटल’ म्हणून वेगळे दाखवतो, सगळ्यात लांब असेल तो आपोआप निवडतो आणि बाकीचे तुम्हाला स्वतः निवडावे लागतात. साखरपुडा राहून जातो तो इथं.

टीव्ही रुंद असला तरी चित्र ओढून रुंद करू नका. जुनं चित्र चारास तीन प्रमाणाचं. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या, नाही तर सगळी वरात जाडजूड होते. आणि ‘जुनी सीडी फोर-के करून देतो’ या जाहिरातीला पैसे देऊ नयेत हे माझं स्पष्ट मत. ३५२ गुणिले २८८ मध्ये जे टिपलंच नाही ते सॉफ्टवेअर कल्पनेनं भरतं. आजीच्या चेहऱ्यावर भलतीच गुळगुळीत कातडी आणि दुसऱ्याच कुणाचे डोळे येतात. हौस असेल तर करा, पण मूळ प्रतीच्या जागी ती ठेवू नका.

दुकानात द्यायचं ठरवलं तर कामाआधी तीन गोष्टी बोलून घ्या. आयएसओ किंवा बिन-क्यू प्रतही हवी. एमपी४ मध्ये मूळ चित्राचा आकार कमी करायचा नाही. आणि मूळ डिस्क परत हवी. फाइल व्हॉट्सअॅपवर घेऊ नका, घ्यावीच लागली तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून घ्या. व्हिडिओ म्हणून पाठवली की ती पुन्हा दाबली जाते आणि तासाचा तुकडा तर जातच नाही. डॉक्युमेंटची मर्यादा दोन जीबीची आहे.

उतरवलेल्या फाइलला ‘न्यू फोल्डर २’मध्ये झोपवू नका. गाव, कार्यक्रम, वर्ष आणि भाग असं नाव द्या: ‘पारनेर_लग्न_२००७_भाग२’. एक प्रत गावच्या घरी, दुसरी बाहेरगावी राहणाऱ्या भावंडाकडे वेगळ्या हार्ड डिस्कवर. वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहा, कारण न वापरता खणात पडलेली हार्ड डिस्कही दगा देते. लष्करात किंवा परगावी असलेल्या नातेवाइकांना पाठवायची ती एमपी४. आयएसओ पाठवलीत तर ‘उघडत नाही’ असा फोन येणारच.

राहिल्या मूळ सीड्या. प्रती तपासून झाल्या तरी अंधाऱ्या, थंड जागी, केसमध्ये उभ्या ठेवायला जागा असेल तर ठेवा. पत्र्याच्या घरात माळ्यावर नको; मे महिन्यातली तिथली उष्णता लिहिण्याच्या थरातला रंग उडवते. जागा नसेल आणि टाकायच्याच असतील तर शेकोटीत घालू नका, ते प्लॅस्टिक आहे. पाखरं हाकायला ज्वारीच्या रानात टांगायच्या असतील तर खुशाल टांगा, पण आधी प्रत शेवटच्या दहा मिनिटांपर्यंत चालवून पाहिलेली असू द्या.